शेंडा बुंध्यापेक्षा जुना: खोल समुद्रातल्या एका प्रवाळाचं प्रकरण

झाडाचा बुंधा जुना आणि शेंडा कोवळा, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. प्रवाळाचंही तसंच असतं. खडकाला चिकटलेला पाया आधी तयार होतो आणि वरची वाटी सर्वांत शेवटी. १९९८ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या एका शोधनिबंधात मात्र हा हिशेब उलटा लागला होता. उत्तर अटलांटिकच्या पश्चिम भागात, सुमारे १,८०० मीटर खोलीवर वाढून मेलेले काही प्रवाळ होते. कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन वापरून त्यांच्या पायाचं आणि शेंड्याचं वय वेगवेगळं काढलं, तेव्हा शेंडाच थोरला निघाला. फरक जास्तीत जास्त ६७० वर्षांचा. आणि हे जीव जगले किती, तर ३० ते १६० वर्षं.

असा आकडा हाती आला की पहिला संशय यंत्रावर जातो, दुसरा नमुना धुणाऱ्या विद्यार्थ्यावर. इथे तो विद्यार्थी आणि निबंधाचा पहिला लेखक एकच होता. जेस अ‍ॅडकिन्स तेव्हा अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ आणि वुड्स होल ही सागरविज्ञान संस्था यांच्या संयुक्त अभ्यासक्रमात डॉक्टरेट करत होते. सोबत हाय चेंग, एड बॉयल, एलेन ड्रफेल आणि लॉरेन्स एडवर्ड्स अशी मुरलेली मंडळी होती. त्यांनी आकडा फेकून दिला नाही आणि त्यावर लगेच विश्वासही ठेवला नाही. एखाद्या वेड्यावाकड्या निकालाची उलटतपासणी कशी करावी, हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

जीव कोणता

आपल्याकडे प्रवाळ म्हटलं की मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी आठवते, नाहीतर लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यातले रंगीत खडक. लक्षद्वीपचे प्रवाळ उन्हावर जगतात, कारण त्यांच्या पेशींत राहणारं शैवाल त्यांच्यासाठी अन्न तयार करतं. अंगठीतलं तांबडं पोवळं भूमध्य समुद्रातलं. त्याला शैवाल लागत नाही, पण ते वेगळ्या कुळातलं.

आपला प्रवाळ म्हणजे डेस्मोफायलम डायँथस. वस्ती करून न राहणारा, एकांडा. आकार तुतारीच्या तोंडासारखा: खाली निमुळता, वर रुंद होत गेलेला. लांबी साधारण बोटभर. वरून आत डोकावलं तर चाकाच्या आऱ्यांसारखे पातळ, उभे पडदे केंद्राकडे गेलेले दिसतात. या जातीचं जुनं नाव ‘क्रिस्टागाली’, म्हणजे लॅटिनमध्ये कोंबड्याचा तुरा. पडद्यांच्या कडा बघितल्यावर नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. नियमाप्रमाणे आधीचं नाव ग्राह्य धरून ते बदललं, आणि एक झकास नाव हातचं गेलं.

जिथे उजेडाचा कणही पोचत नाही आणि पाणी चारेक अंश सेल्सिअसचं असतं, तिथे हा वाहत येणारं अन्न पकडून जगतो. वर्षाला अर्धा ते दोन मिलिमीटर वाढतो. सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा, आणि त्यातला कार्बन तो भोवतालच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनमधून घेतो. आज जिवंत असलेल्या प्रवाळांचा कार्बन आणि त्यांच्या शेजारच्या पाण्यातला कार्बन ताडून हे तपासलेलं आहे. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

एका सांगाड्यात दोन घड्याळं

कार्बन-१४ वातावरणाच्या वरच्या थरांत तयार होतो, हवेतून समुद्राच्या पृष्ठभागात मिसळतो आणि ५,७३० वर्षांच्या अर्धायुष्याने घटत जातो. पाणी पृष्ठभागावर आहे तोवर हवेकडून त्याची भर पडत राहते. तेच पाणी गार होऊन, जड होऊन खाली बुडालं की पुरवठा तुटतो आणि नुसता खर्च सुरू होतो. त्यामुळे खोल पाण्याला स्वतःचं एक वय असतं: हवेचा स्पर्श सुटून किती काळ लोटला ते. आजच्या उत्तर अटलांटिकचं खोल पाणी तसं तरुण आहे, कारण ते जवळच, ग्रीनलंडच्या आसपास बुडतं. उत्तर पॅसिफिकच्या तळचं पाणी जगभराचा फेरा करून आलेलं, म्हणून म्हातारं.

अडचण अशी की जुन्या प्रवाळाचं कार्बन-वय काढलं, तर त्यात दोन गोष्टींची बेरीज येते. जीव मरून किती वर्षं झाली हे एक, आणि तो जगत असताना भोवतीचं पाणी मुळातच किती म्हातारं होतं हे दुसरं. हाती फक्त बेरीज असली तर काहीच सुटत नाही.

दुसरं घड्याळ युरेनियमचं. युरेनियम समुद्राच्या पाण्यात सहज विरघळलेलं असतं आणि प्रवाळ ते सांगाड्यात घेतो. थोरियम पाण्यात टिकत नाही. कणांना चिकटून तळाशी जातं. म्हणून ताज्या सांगाड्यात थोरियम जवळजवळ नसतंच. पुढे जे थोरियम-२३० सापडेल ते युरेनियम-२३४ च्या क्षयातून, त्या सांगाड्याच्या आतच जन्मलेलं. या घड्याळाचा पाण्याच्या वयाशी काही संबंध नाही. ते थेट पंचांगातलं वय सांगतं.

समजा, आकडे सोयीचे घेऊ, थोरियमने सांगितलं की प्रवाळ अमुक साली जगत होता. त्या सालच्या हवेचं कार्बन-वय इतर नोंदींवरून १३,००० वर्षं येतं आणि आपल्या प्रवाळाचं १३,८०० येतं. मग ८०० वर्षं ही पाण्याची. वजाबाकी चौथीतल्या मुलाला जमेल. अवघड आहे ते दोन्ही आकडे भरवशाचे मिळवणं.

समुद्रतळाच्या गाळात सापडणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांवरून असंच काम फार आधीपासून होत आलंय, आणि आजही समुद्राच्या पुराहवामानशास्त्राचा, म्हणजे प्राचीन हवामानाच्या अभ्यासाचा, मोठा भाग त्याच्यावरच चालतो. पण गाळात राहणारे जीव तो सतत उकरत असतात. नांगरलेल्या शेतात यंदाची माती कुठली आणि गेल्या वर्षीची कुठली हे शोधावं, तशी गत होते. खोल समुद्रात गाळ साचतो तोही फार हळू, त्यामुळे शेकडो वर्षांचा काला होऊन जातो. प्रवाळाचा सांगाडा घट्ट. पायाचा तुकडा पायाचाच राहतो, शेंड्याचा शेंड्याचाच.

धुलाई

शतकानुशतकं समुद्रतळावर पडून राहिलेला प्रवाळ पांढरा नसतो. त्याच्यावर लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडचा तपकिरी-काळा थर चढलेला असतो, जुन्या तव्याच्या बुडावर बसतो तसा. या थराने पाण्यातलं थोरियम पकडून ठेवलेलं असतं, म्हणजे थोरियमच्या घड्याळाला खोटं बोलायला लावणारा साक्षीदार नमुन्यावरच चिकटून बसलेला.

म्हणून आधी घासून, लहान ड्रिलने कोरून दिसेल तेवढा थर काढतात. मग तुकडा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या मिश्रणात अल्ट्रासोनिक टाकीत हलवतात; सेंद्रिय घाण सुटते. शेवटी पेरॉक्साइड आणि विरल पर्क्लोरिक आम्लाच्या मिश्रणात थोडाच वेळ बुचकळतात. इथे हात आखडता लागतो, कारण आम्ल काळा थर खातं तसं अ‍ॅरागोनाइटही खातं. जास्त वेळ ठेवलं तर स्वच्छ प्रवाळ मिळतो, पण मोजायला उरत नाही. हे पुन्हा पुन्हा करायचं, तुकडा पांढरा होईपर्यंत. निबंधात या कामाला दोन-तीन ओळी मिळतात.

या धुलाईनंतर थोरियमने दिलेलं वय होतं १५,४१० वर्षं, चूक १७० वर्षं इकडेतिकडे. एकाच काळात, जवळपास एकाच खोलीवर जगलेले अनेक प्रवाळ. ही चुकीची मर्यादा त्या जीवांच्या आयुष्याहून मोठी आहे हे लक्षात घ्या. थोरियम त्यांच्या पाया-शेंड्यातला फरक सांगू शकत नाही. आयुष्याचा अंदाज वाढीच्या वेगावरून बांधावा लागतो, म्हणूनच ‘३० ते १६०’ असा सैल आकडा.

उलटतपासणी

शेंडा ६७० वर्षांनी जुना दिसण्याची कारणं किती असू शकतात?

पहिलं, नमुना बाटलेला असणं. इतक्या जुन्या कार्बनमध्ये आजचा कार्बन दोनएक टक्के जरी मिसळला, तरी वय साडेसहाशे-सातशे वर्षांनी कमी दिसतं. प्रवाळाचा पाया थोडा जास्त बाटलेला असेल, तर तो उगाचच तरुण दिसेल आणि नेमका हाच उलटा निकाल हाती येईल. माझ्या मते हा सर्वांत गंभीर आक्षेप, आणि एका प्रवाळावर भागवलं असतं तर तो फेटाळणं कठीण गेलं असतं. पण तोच कल वेगवेगळ्या सांगाड्यांत दिसत होता. घाण इतकी शिस्तशीर नसते.

दुसरं, हवेतलाच कार्बन-१४ बदललेला असणं. त्या काळात हवेतलं त्याचं प्रमाण खरंच घसरत होतं. पण ती घसरण तीनेक हजार वर्षांवर पसरलेली आहे. शंभर वर्षांच्या वाट्याला एक टक्काही येत नाही. आणि ६७० वर्षं म्हणजे किती? कार्बन-१४ मध्ये सुमारे ८ टक्क्यांची घट.

तिसरं, पाणी जागच्या जागी अडकून म्हातारं होणं. समजा, वरून नवं पाणी येणं बंद झालं आणि प्रवाळाभोवतीचं पाणी तसंच साचून राहिलं. तर शंभर वर्षांत ते शंभर वर्षांनीच म्हातारं होईल. कार्बन-१४ फक्त १.२ टक्के कमी होईल. प्रवाळ पुरती १६० वर्षं जगला असं धरलं, तरी दोन टक्क्यांच्या वर जात नाही. आठ टक्के कुठून आणायचे?

हा मुद्दा वाचताना मी पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो, आणि खरी गंमत तिथेच कळली. किरणोत्सर्गी क्षयाचा वेग ठरलेला आहे, त्याला घाई करता येत नाही. म्हणजे त्या प्रवाळाच्या हयातीत त्याच्याभोवतीचं पाणी म्हातारं झालं नव्हतं, ते बदललं होतं. तरुण पाणी हटलं आणि त्याच्या जागी आधीच म्हातारं असलेलं दुसरं पाणी आलं.

आता एक वेगळा साक्षीदार: कॅडमियम हा धातू. समुद्रात कॅडमियमचं प्रमाण फॉस्फेटबरोबर चालतं. पोषकद्रव्यं जास्त तिथे तेही जास्त. उत्तरेकडून बुडालेल्या पाण्यात पोषकद्रव्यं कमी असतात, दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने आलेल्या पाण्यात जास्त. एका प्रवाळात कॅल्शियमच्या तुलनेत कॅडमियम मोजलं, तर आयुष्यभरात तेही वाढत गेलेलं दिसलं. कार्बनशी काही देणंघेणं नसलेल्या मूलद्रव्याने त्याच बाजूने साक्ष दिली. एकाच प्रवाळाची साक्ष आहे, तेवढं वजन कमी धरायला हवं.

तर निष्कर्ष असा: १५,४०० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरत असताना, अटलांटिकच्या १,८०० मीटर खोलीवरचा पाण्याचा साठा एका माणसाच्या आयुष्याएवढ्या, फार तर दोन आयुष्यांएवढ्या काळात बदलला. ग्रीनलंडच्या बर्फातून हवेचे झपाट्याने झालेले बदल तोवर माहीत होते. खोल समुद्र मात्र जाडजूड, सुस्त, हजार वर्षांच्या चालीने हलणारा, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

नंतरच्या साक्षी

चार-दोन सांगाड्यांवर महासागराचा इतिहास लिहू नये, हे त्या मंडळींनाही कळत होतं. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात गेलेल्या विझलेल्या ज्वालामुखींच्या माळेवर मोहिमा झाल्या. अल्विन ही तीन माणसांची पाणबुडी तिथे उतरली. यांत्रिक हाताने, जाळीने, मिळेल तसे हजारो मेलेले प्रवाळ वर आणले गेले. २००५ मध्ये लॉरा रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी या प्रवाळांवरून, गाळातल्या फोरॅमिनिफेरांची जोड देऊन, हिमयुगाच्या अखेरीपासून आजवरचा पट मांडला. त्यात पाणी एकदाच बदललेलं दिसत नाही. कार्बन-१४ भरपूर असलेलं आणि तो कमी असलेलं पाणी आलटून-पालटून येतं. १९९८ चा तो बदल सुटा अपघात नव्हता एवढं पक्कं झालं.

मला जास्त चकित केलं ते २०१४ च्या ‘नेचर’मधल्या कामाने. निवेदिता थियागराजन, अ‍ॅडकिन्स आणि इतरांनी पश्चिम उत्तर अटलांटिकच्या एका मर्यादित भागातले, वेगवेगळ्या खोलीवरचे प्रवाळ घेतले आणि वयाबरोबर तापमानही काढलं. सांगाड्यात जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांशी किती वेळा जोडले गेलेत, यावरून तापमान कळतं. निघालं असं की सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्ध झपकन तापला त्याच्या आधीच्या थंड काळात, खालचं पाणी वरच्यापेक्षा तीनेक अंशांनी उबदार होतं. गरम पाणी खाली आणि गार पाणी वर! बंबात असं होत नाही, समुद्रातही होऊ नये. ते खाली टिकलं याचा अर्थ ते जास्त खारट, म्हणून जड असणार. कार्बन-१४ कमी असल्यामुळे ते दीर्घकाळ पृष्ठभागापासून तुटलेलं असणार, बहुधा दक्षिणेकडचं.

१५,४०० चा आपला प्रवाळ याच थंड काळातला, त्या तापण्याच्या सातेकशे वर्षं आधीचा. लेखकांच्या मते खाली कोंडलेली ही उष्णता पुढे वर आली आणि तीच तापण्याचं निमित्त ठरली असावी. ‘असावी’ हा शब्द त्यांचाही आहे, आणि मी तो तसाच ठेवतो. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेजमधून आणलेल्या प्रवाळांवर अँड्रिया बर्क आणि रॉबिन्सन यांनी २०१२ मध्ये असंच काम छापलं. तिथे दक्षिणेच्या खोल पाण्यात साठलेला जुना कार्बन हिमयुग ओसरताना हवेत सुटल्याच्या खुणा आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या काळात दशलक्ष भागांत सुमारे १९० वरून २६० च्या पुढे गेला, त्याचा एक मोठा वाटा कुठून आला हे त्यावरून कळतं.

याचा आपल्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल. उत्तर अटलांटिक गार पडला की आपला नैऋत्य मान्सून अशक्त होतो, हे अरबी समुद्राच्या गाळातून आणि मेघालयातल्या मावम्लूह गुहेच्या चुनखडीतून दिसलेलं आहे. १५,४०० च्या आसपासचा काळ आपल्याकडेही कमी पावसाचा होता. मात्र १,८०० मीटरवर पाणी बदललं म्हणून इकडे पाऊस पडला वा थांबला, अशी सरळ रेघ ओढता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मोठ्या उलथापालथीचे भाग आहेत, इतकंच.

प्रवाळ काय सांगत नाहीत

या पद्धतीवर लट्टू होणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. प्रवाळ काही तापमापक म्हणून जन्माला आलेला नाही. सांगाडा घडवताना तो आतल्या द्रवाची आम्लता स्वतः बदलतो, आणि त्यामुळे ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, साध्या पद्धतीने तापमान काढायला गेलं की एकाच सांगाड्यात, काही मिलिमीटरच्या अंतरात भलतेच आकडे येतात. म्हणून तर २०१४ च्या कामाला तो जड जोड्यांचा आडमार्ग घ्यावा लागला. कार्बन-१४ त्यातून वाचतो, कारण त्याचं गणित करताना या गडबडीची दुरुस्ती आपोआप होऊन जाते.

दुसरी मर्यादा साधी आहे. गाळ जवळजवळ सगळीकडे साचत राहतो. प्रवाळ मनाला येईल तिथे, मनाला येईल तेव्हा उगवतो. हाती येते ती तुटक चित्रांची पिशवी. प्रत्येक चित्र लख्ख, पण मधले काळ कोरे. एखाद्या शतकातला प्रवाळ सापडला नाही, तर तेव्हा तिथे प्रवाळ नव्हतेच, की पाणबुडीचा हात तिथवर पोचला नाही, हे कसं ठरवायचं?

न्यू इंग्लंडच्या त्या पर्वतांवर हा प्रश्न चांगलाच टोकदार होतो. वर आणलेल्या डेस्मोफायलमची वयं आजपासून थेट दोन लाख वर्षांपलीकडे जातात, पण सारख्या अंतराने नाहीत. बहुतेक शेवटच्या हिमयुगातले आहेत. त्यातही मॅनिंग आणि म्युअर या दोन पर्वतांवर त्यांची दाटी नेमकी अशा काळांत वाढलेली दिसते, जेव्हा उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्याचं अभिसरण बदलत होतं. २,५०० मीटरच्या खाली ते एकदम संपतात. पर्वताच्या उतारावरची खाच तिथे संपते म्हणून, असा अंदाज आहे. पाणी बदललं की प्रवाळ का फोफावतात, अन्न वाढतं, प्राणवायू वाढतो की अळ्या वाहून आणणारा प्रवाह फिरतो, याचं उत्तर २००७ मध्ये ही वयं छापणाऱ्यांकडे नव्हतं. पाणबुडीच्या दिव्यात मेलेले हजारोंनी सापडले. जिवंत मात्र अगदी तुरळक.